शेलार मॅडमचा ण

केडगावच्या आमच्या शाळेत मराठी मी शिकवत होते आणि पोरांना पळवायचं काम शेलार मॅडम करत होत्या. तरी आसपासच्या गावांत कुणाच्या घरी बाळ जन्मलं की नाव विचारायला लोक यायचे ते शेलार मॅडमकडे. माझ्याकडे यायचे ते अर्जातली वेलांटी पहिली की दुसरी, एवढं विचारायला. मला याचा राग यायचा. तो राग म्हणजे साधासुधा हेवा आहे हे मला तेव्हाही कळत होतं, आणि कळून काही फरक पडत नव्हता.

हौसा शेलार, पीटीच्या मॅडम. उंच, हाडापेरानं मजबूत, साडीवर मळखाऊ रंगाचं जर्किन, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. शिट्टी त्या क्वचितच वाजवत, कारण गरजच पडत नसे. त्यांनी ग्राउंडवरून एखाद्या पोराला हाक मारली की शाळेबाहेरच्या रस्त्यावरून जाणारा मोटारसायकलवालासुद्धा ब्रेक दाबायचा. जर्किनच्या खिशात कायम भाजलेले शेंगदाणे असत. बोलता बोलता समोरच्याच्या हातावर त्या चार दाणे ठेवायच्या, तो नको म्हणाला तरी. "मानूस चावत असला की त्याला भांडता येत न्हाई," असं त्यांचं म्हणणं. ते खरं असावं. वेळापत्रकावरून, ग्राउंडवरून, पोरांवरून भांडायचं म्हणून गेलेली मी कितीदा तरी दाणे चावत परत आले आहे.

मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं, उज्ज्वला. नीट सांगितलं, त्यातला अर्धा ज धरून. माझ्या आत्यानं हौसेनं ठेवलेलं नाव आहे ते, आणि लोक त्याचं उज्वला, उजाला काय वाटेल ते करतात म्हणून मी जरा जपून सांगते.

"लई घट्ट हाय," शेलार मॅडम म्हणाल्या. "मी उजू म्हनते."

आठवडा गेला नाही तोवर शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळी शाळा मला उजू मॅडम म्हणू लागली. पाचवीची पोरं तर अर्जावरही तेच लिहायची. जोडाक्षर गेलं ते कायमचं गेलं.

नाव तपासायची त्यांची एक पद्धत होती. मधल्या सुट्टीत त्या ग्राउंडवरच्या रोलरवर बसलेल्या असत. बाळाचे आई-बाप, सोबत आजी-आजोबा, असा घोळका यायचा. कुणीतरी मोबाईलवर किंवा कागदावर नाव दाखवायला लागलं की त्या बघायच्याच नाहीत. म्हणायच्या, "कागदावर समद्यांचंच नाव देखनं दिसतं. हाक मारा." मग आजोबांना झेंड्याच्या खांबापाशी उभं करायचं, आई-बापांना फाटकापाशी, आणि आजोबांनी तिथून बाळाच्या नावानं हाक मारायची. ते झालं की फाटकाबाहेर पाणीपुरीची गाडी लावणारा जो उत्तरेकडचा पोरगा होता त्याला विचारायचं, "ए भैया, ये नाम बोलके बता." त्याच्या तोंडून तिसरंच काहीतरी निघायचं.

एकदा असाच एक ऋग्वेद आला होता. बापाच्या तोंडी रुग्वेद, भैयाच्या तोंडी रिगबेद, आणि आजोबांनी खांबापासून जे काही म्हटलं ते ऐकून निंबाच्या झाडावर बसलेला कावळासुद्धा उडाला. शेलार मॅडम शांतपणे म्हणाल्या, "घरात एक, गावात एक, आन् उद्या कंपनीत लागला की तिथं एक. तिन्हीकडं पोरानं वळून बघितलं पायजे. न्हाईतर नाव ठिवून उपेग काय?"

लोकांना हे पटायचं. मला पटत नसे. माझं म्हणणं, नावासाठी माणसानं जीभ थोडी वळवावी, जिभेसाठी नाव का कापायचं? हे मी स्टाफरूममध्ये एकदोनदा बोलूनही दाखवलं. सगळ्यांनी मान डोलावली आणि पुढच्या बाळाचे आई-बाप पुन्हा रोलरकडेच गेले.

एक प्रसंग तर मला अजून डाचतो. भांडगावचं एक कुटुंब होतं. आजोबांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, आता ऊस आणि विहिरीला बारमाही पाणी. सून शिकलेली, तिनं मुलीचं नाव काढलं होतं चारू. आजोबांना खांबापाशी उभं केलं. त्यांनी खणखणीत हाक मारली, "चारूऽ". पण त्यातला च चटणीतला. चारा घालतो, शेरडं चारतो, त्यातला. सगळे हसले. म्हातारबा गोंधळून म्हणाले, "आरं पर काय चारू? कुनाला चारू?" सून रडवेली झाली.

आता हा माझा प्रांत होता. मी पुढं झाले आणि समजावून सांगितलं की मराठीत च दोन, एक चहातला आणि एक चटणीतला, लिहिताना मात्र दोन्ही एकच. आजोबांचं चुकलं नाही, ते ओळखीचा च म्हणाले. पण च ला इकार लागला की तो नेहमी चहातलाच राहतो, तिथं कुणी चुकूच शकत नाही. मी चांगलं सांगितलं होतं, उदाहरणं देऊन. सुनेनं मान हलवली, आजोबा माझ्या डोक्यावरून निंबाच्या झाडाकडं बघत राहिले. शेलार मॅडमनी दाणे चावत सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी चित्रा ठिवा," त्या म्हणाल्या. "मारा हाक, आबा."

आबांनी मारली. स्वच्छ आली. संध्याकाळी पेढ्यांचा भला मोठा खोका शाळेत आला, तो शेलार मॅडमच्या नावानं. नियम माझा होता आणि खोका त्यांचा. मलाही त्यातला एक पेढा मिळाला, मॅडमच्याच हातून. मी तो खाल्ला, पण मनातल्या मनात त्या दिवशी मी त्यांना अहो-जाहो केलं नाही.

त्यांची फजिती व्हावी म्हणून मी वाट बघत असे, हे सांगायला मला संकोच नाही. एकदा तशी वेळ आली. त्यांनीच सुचवलेलं एक नाव होतं, सई. छोटंसं, गोड, चुकायला जागा नाही. पण मुलीचा बाप कंपनीत लागला, बिऱ्हाड कंपनीजवळच्या चाळीत गेलं, आणि तिथल्या परप्रांतीय बायका पोरीला सही म्हणू लागल्या. आई तणतणत शाळेत आली. "मॅडम, असं कसं नाव दिलं तुम्ही? समद्या चाळीत माझ्या पोरीला सही, सही करत्यात." मी वह्या तपासायच्या सोडून कान देऊन बसले.

"मग बरंय की," शेलार मॅडम म्हणाल्या. "चूक तर न्हाई ना म्हनत?"

ती बाई हसायलाच लागली. हातावर दाणे घेऊन, हसत हसतच घरी गेली. जाताना तिनं मलाही तो विनोद सांगितला, जणू मी तिथं नव्हतेच.

एक गोष्ट मात्र मी हेरून ठेवली होती. शेलार मॅडमना ण म्हणता येत नव्हता. पानी, लोनी, गनपती. आमच्या भागात निम्मे लोक असंच बोलतात, त्यात नवल नाही. पण त्यांनी आजवर सुचवलेल्या नावांत एकही ण नव्हता. वेणू नाही, अरुणा नाही, प्रणव नाही. हे शाळेत दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी कुणाला बोलले नाही, पण त्यांचं कौतुक फार झालं की मला त्या ण ची आठवण यायची आणि जरा बरं वाटायचं.

आता थोडं माझं सांगायला हवं, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आपल्याकडे बाळंतपण आईचं, आडनाव बापाचं आणि नाव आत्याचं. माझ्या दोन्ही मुलांची नावं माझ्या नणंदेनं ठेवली. रीत आहे, तिनं हक्क बजावला, मी पाळण्याशेजारी बसून ऐकलं. मला एकच भाऊ, संदीप, कवठे येमाईला असतो. म्हणजे मला आयुष्यात एखादं नाव ठेवायला मिळणार असेल तर ते त्याच्याच पाळण्यात. आणि त्याचा पाळणा बरीच वर्षं हललाच नाही. दवाखाने झाले, नवस झाले, वहिनी चारचौघींत यायची बंद झाली. मी मात्र कॉलेजात असल्यापासून एक नाव सांभाळून ठेवलं होतं. मृण्मयी. मातीची बनलेली. काळ्या रानात उभं आयुष्य काढणाऱ्या घरातल्या मुलीला यापेक्षा चांगलं नाव मला माहीत नव्हतं, अजूनही नाही.

अखेर त्याला मुलगी झाली. मी पेढे घेऊन शाळेत गेले, तर शेलार मॅडम चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "कळलं मला. काल तुझ्या भावाचा फोन आलता. नाव विचारत हुता."

माझ्या हातातला खोका तसाच राहिला. सख्ख्या भावानं मला नाही विचारलं, जिचा नंबर त्याला माझ्याकडूनच मिळाला होता त्या बाईला विचारलं.

"मग काय सांगितलंत?"

"रमा म्हनलं. तुझ्या आईला बी म्हनता यील." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्या थांबल्या. "पन आत्या तू हायेस. तुझ्या मनात काय हाय का?"

"मृण्मयी," मी म्हणाले.

त्यांनी ते म्हणून बघितलं नाही. फक्त विचारलं, "हाक मारून बघायची का गं एकदा?"

"काही गरज नाही," मी म्हणाले. त्यांनी माझ्या हातावर दाणे ठेवले. मी ते टेबलावर ठेवून वर्गावर गेले.

संध्याकाळी संदीपला फोन केला. तो म्हणाला, "ताई, नाव चांगलंच हाय तुझं, पर माझ्याच तोंडात बसंना. शाळंत पोरं काय काय म्हनतील तिला. रमा बरंय, मॅडमनी इचार करून सांगितलंय." आणि वर म्हणाला, "मॅडमला बारशाला बी बोलीवलंय." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात घासली.

बारशाला शेलार मॅडम दोन एसट्या बदलून कवठ्याला आल्या. अंगावर मोरपंखी रेशमी साडी आणि पायात तेच पांढरे बूट. मी सकाळपासून पाळणा सजवत होते, घुगऱ्या शिजवत होते, आणि त्या फाटकातून आत आल्या तशी सगळी आळी त्यांच्याभोवती गोळा झाली. मॅडम पाणी घ्या, मॅडम इकडं बसा, मॅडम आमच्या नातवाचं नाव तेवढं सांगा. माझ्या आईनं तर त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं.

नावाचा विषय निघालाच. मी सगळ्यांसमोर सांगितलं की मुलीचं नाव मृण्मयी ठेवणार आहे. आई म्हणाली, "मिरनमई?" मावशी म्हणाली, "मुरमई." आमचे चुलते, आप्पा, ओसरीवर पान लावत बसले होते, ते म्हणाले, "मुरूम? आरं रस्त्यावर टाकत्यात त्यो?" मांडवभर हशा झाला. वहिनी खाली मान घालून बाळाचं दुपटं नीट करत राहिली.

आई माझा हात धरून म्हणाली, "उजे, कशाला हट्ट करती? कुनाच्या तोंडात बसंना ते." आणि मग ती शेलार मॅडमकडं वळून जे म्हणाली ते मी कधी विसरणार नाही. "मॅडम, तुमच्याच तोंडून जाऊ द्या पोरीच्या कानात. तुम्हीच करा कुर्र."

माझ्या आईनं माझा हक्क असा उचलून दुसरीच्या ओटीत घातला. मला वाटलं होतं की शेलार मॅडम उठतील. त्या उठल्याही, पण पाळण्यापासून मागं सरकल्या.

"मला भाऊ न्हाई, आई," त्या म्हणाल्या. "आमी बहिनीच. मी कुनाचीच आत्या न्हाई, माझ्याच्यानं कुर्र होत नसतं. हिचं काम हिला करू द्या." मग ग्राउंडवरच्या आवाजात, "समद्या बाया हितं या. रांगंत उभ्या ऱ्हावा. आप्पा, तुमी बी या, पान खाली ठिवा. उजू, तू म्होरं हो. तू म्हनायचं, आमी मागनं म्हनायचं."

बायका हसत हसत रांगेत आल्या. शेलार मॅडम सगळ्यांत पुढं, माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"आदी सांगून ठिवते," त्या मागं वळून म्हणाल्या. "मला ह्यातलं ते अक्षर येत न्हाई. कवाच आलं न्हाई. मी चुकनार. मला हसा, पन म्हना."

मी जपून ठेवलेली गोष्ट त्यांनी अशी मांडवात, परक्या गावात, सगळ्यांसमोर सांगून टाकली.

"मृण्," मी म्हणाले.

"म्रुन्," शेलार मॅडम म्हणाल्या.

"जीभ मागं वळवायची. टाळूला लावायची. ण्."

त्यांनी तोंड उघडून, बोटानं जीभ मागं ढकलून बघितली आणि पुन्हा म्हणाल्या, "न्." बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मावशी म्हणाली, "मॅडम, आवो असं न्हाई, असं. ण्." मावशीला आला. मॅडमना शिकवायच्या नादात तिला तो आपोआप आला. मग शेजारणीला आला. मॅडम टाळ्या वाजवून ताल देत होत्या, मृण् ला एक टाळी, मयी ला एक. दहाव्या-बाराव्या वेळेला माझी आई, जिनं आयुष्यभर पानीच म्हटलं, ती स्वच्छ मृण्मयी म्हणाली आणि स्वतःच चकित झाली. आप्पांचा मुरूमही गेला. रांगेत एकट्या शेलार मॅडम तेवढ्या शेवटपर्यंत चुकत राहिल्या.

शेवटी त्यांनी मावशीच्या सुनेला रानाच्या बांधापर्यंत पिटाळलं. तिथून हाक आली, मृण्मयीऽ. एक अक्षर इकडचं तिकडं नाही.

"झालं," मॅडम म्हणाल्या. "जा, कर कुर्र."

मी वाकले आणि बाळाच्या कानात नाव सांगितलं. पाठीत धपाटे बसले. त्यातला सगळ्यांत जबर कुणाचा होता ते मला न बघता कळलं.

एवढं झाल्यावर माझा हेवा संपला असं कुणाला वाटेल. तो वाढला. नाव माझं राहिलं खरं, पण गावात ते मॅडमनी पाठ करून घेतलेलं नाव झालं. कवठ्यात अजून त्या कवायतीच्या बारशाची गोष्ट निघते. मॅडम कशा चुकत होत्या, आप्पा कसे रांगेत उभे राहिले, सगळं बायका रंगवून सांगतात. कुर्र कुणी केलं, ते विचारावं लागतं. लोकांनी हसून हसून लक्षात ठेवलं ते त्यांचं चुकणं, माझं बरोबर म्हणणं कुणाच्या लक्षात राहील? शाळेत तर त्यांनी नवाच नाद लावून घेतला. रोज चहाच्या वेळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणायच्या, "म्रुन्मयी. आला का गं?" मी म्हणायची, "नाही." मला ते नाही म्हणायला फार आवडायचं. मला वाटतं त्यांना हे ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्या रोज विचारायच्या.

त्या निवृत्त झाल्या आणि लेकीकडे सोलापूरला राहायला निघाल्या. दौंडला गाडी बदलायची होती. दुपारची वेळ, केडगाव स्टेशनवर पोचवायला निम्मी शाळा आली होती. मृण्मयी तेव्हा सुट्टीला माझ्याकडं आली होती, नुकती बालवाडीत जायला लागलेली. तीही आली आणि आल्या आल्या माझं बोट सोडून शेलार मॅडमना बिलगली. मी पिशव्या मोजत असल्यासारखं केलं.

मॅडम पांढऱ्या बुटांवर उकिडव्या बसल्या. "नाव काय गं तुझं?"

"मृण्मयी," ती म्हणाली. खणखणीत, ण सकट.

"आगं बया. एवढं अवघड नाव कुनी ठिवलं?"

पोरीनं जराही विचार न करता बोट उचललं आणि शेलार मॅडमच्या छातीला टेकवलं. घरी तिनं ऐकलेली गोष्ट तीच होती. मी लांब सिग्नलकडं बघू लागले.

"न्हाई बाळा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते इवलंसं बोट आपल्या जाड मुठीत धरलं, हळूच वळवलं आणि माझ्या दिशेला आणून सोडलं. "हिनं. नीट बघून ठिव."

गाडी आली. पोरांनी पिशव्या आत टाकल्या, मॅडम चढल्या आणि दारातून त्यांनी सगळ्यांना एकाच हाकेत घरी जायला सांगितलं. गाडी सुटली. मृण्मयीचा हात अजून खाली आला नव्हता. बोट सांगितल्यासारखं माझ्याकडंच होतं. डोळे मात्र गाडीमागं गेले होते, आणि गाडी वळणाआड गेली तरी ते परत आले नाहीत.